पुस्तक सोलापूरचं, पत्ता शिकागोचा

दर शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास माझ्या फोनवर एका मित्राचा मेसेज येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही, नुसते चार-पाच लांबलचक आकडे. बायकोला पहिल्यांदा वाटलं, हा मटक्याचा आकडा लावतो की काय! तसं काही नाही. ते डीओआय असतात. डीओआय म्हणजे शोधनिबंधाचा आधार नंबर म्हणा ना. जगात कुठेही छापलेला निबंध त्या आकड्यावरून सापडतो. सापडतो, पण उघडत नाही. उघडायला पैसे लागतात. एका निबंधाला तीस-चाळीस डॉलर.

मित्र सोलापुरातल्याच एका विनाअनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्याच्या चुलत्यांचं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत डाईंग आहे, चादरी-टॉवेलचं सूत रंगवतात. रंगवून झाल्यावर जे लाल-निळं पाणी उरतं त्यातला रंग कमी खर्चात काढायचा कसा, हा त्याच्या पीएचडीचा विषय. म्हणजे नुसता कागदी विषय नाही. जमलं तर चुलत्यांच्या डाईंगमध्येच पहिला प्रयोग होणार आहे. तर तो आकडे मला पाठवतो, मी ते श्टुटगार्टला असलेल्या मावसभावाला पाठवतो, तो तिथल्या युनिव्हर्सिटीच्या लॉगिनने पीडीएफ उतरवतो आणि रविवारी संध्याकाळपर्यंत ती याच मार्गाने उलटी सोलापुरात येते. पाणी अक्कलकोट रोडचं, त्यावरचं ज्ञान व्हाया जर्मनी. आणि गंमत म्हणजे निम्म्या वेळा निबंधावर लेखकांची नावं आपलीच असतात, कुणी कोल्हापूरचा, कुणी तमिळनाडूचा.

हे नियमात बसतं का? नाही बसत. मला माहीत आहे, मावसभावालाही माहीत आहे. पूर्वी एवढा द्राविडी प्राणायाम करावा लागत नसे, सायहबवर आकडा टाकला की काम व्हायचं. तीन बड्या प्रकाशकांनी २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ती साइट भारतात बंद करायचा आदेश दिला. कायद्याच्या दृष्टीने बरोबरच असेल, त्यावर मी बोलत नाही. मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर.

मित्राच्या कॉलेजपासून अर्ध्या तासावर, पुण्याच्या रस्त्याला, केगावला आपलं विद्यापीठ आहे. तिथे बसून हाच आकडा टाकला तर पीडीएफ उघडणार. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली आहे. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिकं, सहा हजार तीनशेहून अधिक संस्थांसाठी, एकगठ्ठा. तीन वर्षांचे सहा हजार कोटी रुपये मंजूर झाले. अहमदाबादच्या शेजारी गांधीनगरला इन्फ्लिबनेट नावाचं केंद्र आहे, ते सगळा कारभार बघतं. याच रस्त्यावर डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. केंद्र सरकारच्या संशोधन संस्थाही या योजनेत येतात, आणि शेतीच्या संस्थांचा तर २००७ पासून 'सेरा' नावाचा स्वतःचा वेगळा गट होता. म्हणजे तेल्या रोगावर परदेशात काय छापून आलं ते केगावात बसून वाचता येतं.

आता त्याच शहरातला बाकीचा माणूस घ्या. अनुदानित कॉलेज असेल तर 'एन-लिस्ट' आहे, २०१० पासून. वर्षाला किरकोळ रक्कम भरायची, काही हजार नियतकालिकं मिळतात, पण त्यात बड्या प्रकाशकांचं सगळं नसतं. विनाअनुदानित कॉलेजला तेच जास्त पैसे भरून घेता येतं, पण "पुढच्या वर्षी बघू सर" हे वाक्य माझा मित्र गेली चार वर्षं ऐकतोय. आणि मोठ्या योजनेचं दार फक्त सरकारी संस्थांना उघडं आहे. खाजगी संस्था पुढच्या टप्प्यात, आणि सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्वांना त्याच्याही पुढच्या टप्प्यात, असं सुरुवातीला सांगितलं गेलं होतं. डाळिंबवाला शेतकरी, डाईंगवाला, खाजगी दवाखाना चालवणारा डॉक्टर, हे सगळे त्या 'पुढच्या टप्प्यात' उभे आहेत. एकाच गावात वाचकांच्या चार जाती! आणि विषय मात्र बहुतेक वेळा खालच्या जातीच्या दारातला.

थांबा. 'सरकारी योजना म्हणजे बोगस' असला लेख हा नाही. उलट एकत्र खरेदी हा यातला एकमेव शहाणपणाचा भाग आहे असं माझं ठाम मत आहे. आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. सॉफ्टवेअरची पहिली प्रत करायला कोटी रुपये लागतात, दुसरी फुकट होते. नियतकालिकाची पीडीएफ तशीच. विकणाऱ्याला दहा गिऱ्हाईकं असली काय नि दहा हजार असली काय, खर्च तेवढाच. मग किंमत कशावर ठरते? गिऱ्हाईक किती एकटं आणि किती अडलेलं आहे यावर. एकटं कॉलेज प्रकाशकाकडे गेलं की ते पंढरपूरच्या वारीत वाट चुकलेल्या माणसासारखं असतं, सांगेल तो भाव. हजार जण एकत्र गेले की प्रकाशक खुर्ची पुढे करतो.

हे आपल्याकडच्या काही लोकांना फार आधी कळलं होतं. १९५२ मध्ये युनेस्कोच्या मदतीने दिल्लीत इन्सडॉक निघालं. देशात कुठल्या ग्रंथालयात कुठलं विज्ञान-नियतकालिक येतं याची एक भलीमोठी सामायिक यादी त्यांनी केली. तुम्ही पत्र लिहायचं, ते यादीत बघून त्या लेखाची प्रत काढून टपालाने पाठवायचे. १९८१ मध्ये खगोलशास्त्रवाल्या संस्थांच्या ग्रंथपालांनी 'फोर्सा' नावाचा गट केला. आज पुण्याची आयुका आणि एनसीआरए, मुंबईची टीआयएफआर त्यात आहेत. या मंडळींनी आधी एकमेकांना प्रती पाठवल्या, मग नियतकालिकंच एकत्र विकत घ्यायला लागले. त्यासाठी कुठला मंत्री लागला नाही, पाच-सात ग्रंथपालांना एकमेकांशी बोलावंसं वाटलं एवढंच. मग २००३ ला आयआयटीवाल्यांचा गट, २००४ पासून विद्यापीठांचा यूजीसी-इन्फोनेट... वेगवेगळ्या मंत्रालयांचे असे दहा गट झाले होते, ते आता एका छत्राखाली आले.

मुद्दा असा की एकत्र येण्याचं हे सगळं वरून झालं. खाली, गावात, काय झालं? शून्य.

आणि आता ज्यामुळे खरं माझं डोकं फिरलं ती गोष्ट.

धनंजयराव गाडगीळ म्हणजे सहकारी साखर कारखानदारीचे एक जनक. प्रवरानगरला विखे पाटलांच्या बरोबरीने ज्यांचं नाव घेतात ते. त्यांच्या नावावर सोलापूर शहरावरचं एक इंग्रजी पुस्तक आहे, 'शोलापूर सिटी : सोशिओ-इकॉनॉमिक स्टडीज', १९६५ सालचं, गोखले इन्स्टिट्यूटच्या मालेतलं. गिरण्या, हातमाग, विडी कामगार, आपल्या आजोबांचं सोलापूर. मला ते वाचायचं होतं. चार ठिकाणी विचारलं. एके ठिकाणी "कपाट बघावं लागेल, किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत," दुसरीकडे "असलं तर असेल." शेवटी वर्ल्डकॅटवर टाकलं. वर्ल्डकॅट म्हणजे जगभरच्या ग्रंथालयांची सामायिक यादी, हीसुद्धा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कॉलेजांनी १९६७ मध्ये एकत्र येऊन सुरू केलेल्या उद्योगाचं फळ. तिथे अमेरिकन विद्यापीठांची रांगच लागली. माझ्या गावावरच्या पुस्तकाचा पत्ता शिकागोचा! सोलापुरात ते नसेल असं मी म्हणत नाही. बहुतेक असणारच. पण आहे की नाही हे सांगणारं कुणी नाही, आणि जे सांगता येत नाही ते नसल्यातच जमा.

ही पुस्तकं अमेरिकेत गेली कशी, हे वाचलं तेव्हा मी ताडकन उठून बसलो. आपल्या आई-वडिलांच्या पिढीला रेशनवरचा अमेरिकन लाल गहू आठवत असेल. तो पीएल-४८० कायद्याखाली यायचा, १९५४ चा अमेरिकन कायदा. गव्हाचे पैसे आपण डॉलरमध्ये नव्हे, रुपयांत द्यायचो आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यात इथेच साठायचे. एवढे रुपये करायचे काय? १९५८ मध्ये त्यांच्या संसदेने सांगितलं, त्यातून पुस्तकं घ्यायलाही हरकत नाही. १९६२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत ऑफिस थाटलं आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी मिळून खरेदी सुरू झाली. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, काही सोडलं नाही. पुस्तकं, मासिकं, सरकारी अहवाल, आणि पुढे ध्वनिमुद्रणंसुद्धा. आपल्याला गहू मिळाला, त्यांना ग्रंथालयं मिळाली. मला हा व्यवहार अन्यायाचा वाटत नाही हं. हेवा वाटतो.

कारण त्यांनी तो किती व्यवस्थित केला बघा. प्रत्येक ग्रंथालयाने आधी सांगून ठेवायचं, आम्हाला अमुक भाषा, अमुक विषय. दिल्लीचं ऑफिस त्या-त्या भाषेतल्या विक्रेत्यांकडून माल घेणार. पुस्तकाची नोंद दिल्लीत एकदाच होणार, ती सगळ्यांनी वापरायची. मासिकाचे अंक एका जागी गोळा करून पाठवायचे. जे टिकणार नाही, म्हणजे वर्तमानपत्रं, चोपडी, पत्रकं, त्यांची मायक्रोफिल्म करायची. सॉफ्टवेअरवाल्याला यात नवीन काही नाही, एकदा लिहा, सगळीकडे वापरा! पण हे त्यांनी कॉम्प्युटर नसताना केलं. ऐंशीच्या दशकात गव्हाचे रुपये संपले. योजना बंद पडायला हवी होती, नाही का? आपल्याकडे अनुदान संपलं की पाटीसुद्धा उतरते. तिथल्या ग्रंथालयांनी आपापल्या खिशातले डॉलर घालून ती चालू ठेवली, कारण तोवर त्यांना एकत्र असण्याची सवय लागली होती.

त्याही आधी, १९४८ पासून, त्यांची 'फार्मिंग्टन योजना' होती. परदेशात छापलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या पुस्तकाची निदान एक प्रत अमेरिकेत कुठेतरी असलीच पाहिजे, म्हणून साठेक ग्रंथालयांनी विषय आणि देश वाटून घेतले. तू हे घे, मी ते घेतो. सगळ्यांनी सगळं घ्यायचं नाही. शेवटी १९७२ मध्ये ती बंद झाली, पण वाटून घेण्याची रीत राहिली.

तुम्ही मराठी शब्द अडला की मोल्सवर्थ कुठे बघता? शिकागो विद्यापीठाच्या साइटवर. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच. मी गेली वीस वर्षं तिथेच बघतोय आणि दरवेळी थोडी लाज वाटते. असो.

आता आपल्याकडे या. सोलापूर जिल्हा! राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने कुठे, तर इथे. त्यातले बरेच आता खाजगी झाले ते सोडा, पण सहकार हा शब्द आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलेला आहे. दुधाचा संघ, विणकरांच्या सोसायट्या, पतसंस्था, खरेदी-विक्री संघ. शेतकऱ्याला एकट्याने ऊस गाळता येत नाही हे आम्हाला सत्तर वर्षांपूर्वी कळलं. एकट्या ग्रंथालयाला परदेशी नियतकालिक परवडत नाही हे कळायला अजून किती वर्षं लागणार आहेत?

आणि परवडायचं तरी काय, आधी आहे ते तरी एकमेकांना सांगा! मी गेल्या वर्षी हौसेने गावातल्या काही ग्रंथालयांत आणि कॉलेजांत फिरून कोण कुठली मासिकं घेतं ते एका एक्सेल शीटमध्ये टाकलं. नावं लिहीत नाही, कुणाला दुखवायचं नाही. जिथे जाल तिथे तीच तीन-चार इंग्रजी मासिकं, तेच स्पर्धा परीक्षांचे अंक. कापडाच्या गावात 'टेक्स्टाइल रिसर्च जर्नल' किंवा रंगाऱ्यांचं जागतिक नियतकालिक 'कलरेशन टेक्नॉलॉजी' मला एकाही टेबलावर दिसलं नाही. सोलापुरी चादरीला जीआय मिळालाय, तिच्या रंगावरचं नियतकालिक नाही. प्रत्येकाने एकच पुस्तक घ्यायचं आणि ते एकच नाही घ्यायचं, असा काहीतरी अलिखित करार असावा.

यावर मला जी उत्तरं मिळाली ती ऐका.

"काय बे, कोण वाचणाराय ते?" हे पहिलं. मागणी नाही. अहो, बंद दुकानासमोर रांग कशी लागेल? माझ्या मित्राचे शनिवारचे आकडे ही मागणी नाही तर काय आहे? फक्त ती तुमच्या काउंटरवर येत नाही, श्टुटगार्टला जाते.

"सगळं नेटवर असतंय की." हे दुसरं, आणि हे बोलणाऱ्याने आयुष्यात एकदाही नेटवर शोधनिबंध उघडायचा प्रयत्न केलेला नसतो. भौतिकशास्त्रवाल्यांचं बरं आहे, ते आपले निबंध आधीच उघड्यावर टाकतात. रसायन आणि कापडात ती पद्धत अजून तेवढी रुजलेली नाही. लेखकाला मेल टाकून निबंध मागता येतो, मित्राने टाकले आहेत. काही देवमाणसं पाठवतातही. पण दर आठवड्याला देवमाणूस शोधत बसायचं म्हणजे काय संशोधन म्हणायचं?

"ग्रँटच नाही, तर काय करणार?" हे तिसरं. यात मात्र तथ्य आहे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय करच नाही. हायवेने तासाभरात तुम्ही कर्नाटकात जाता, तिथे १९६५ च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे. आपल्याकडे संस्थांची ग्रंथालयं, अ-ब-क-ड वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान. त्यातून पगार निघाला तरी मिळवली. (कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता, भारतातला पहिला. म्हणजे आपल्याला सुचत नाही असं नाही.) पण पैसे नाहीत म्हणूनच एकत्र या ना! श्रीमंताला सहकार लागत नाही. प्रवरेला जमले ते काय सावकार होते?

आता रेकॉर्डींचं सांगतो. हे जरा घरचं आहे.

माझे मामा गिरणीत टाइमकीपर होते. पगार बेताचा, नाद दांडगा. चावीचा ग्रामोफोन आणि ७८ च्या रेकॉर्डी. मंगळवार बाजारात, जुन्या सामानवाल्यांकडे, आणि रेल्वे लाइन्समधली अँग्लो-इंडियन कुटुंबं गाव सोडून निघाली तेव्हा त्यांच्याकडून, असं करत करत त्यांनी तीन लाकडी पेट्या भरल्या होत्या. नाट्यसंगीत, अब्दुल करीम खाँ, कन्नड नाटकांतली पदं, आणि मध्येच इंग्लंडमधल्या बँडच्या आणि इटालियन गाण्यांच्या तबकड्या. मामी त्यांना 'साहेबाचं रडणं' म्हणायची. एका जुन्या मराठी तबकडीच्या लेबलवर इंग्रजीत छापलेलं होतं, 'रिप्रोड्यूस्ड इन हॅनोवर'. लहानपणी मला वाटायचं गाणारी बाई जर्मनीची आहे. नंतर कळलं. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन पहिली ध्वनिमुद्रणं करून गेला, तेव्हापासून १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघेपर्यंत इथलं गाणं इथे भरून घ्यायचे आणि तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोवरहून. म्हणजे मराठी गाणं आपल्याकडे आलं तेच परदेशी माल म्हणून, बोटीने. (आणि माझ्या मित्राच्या पीडीएफ आजही जर्मनीहूनच येतात. शंभर वर्षांत एवढी प्रगती.)

मामा गेले. मामी मुलाकडे पुण्याला गेली, टू बीएचकेत पेट्या ठेवायला जागा नाही. मी म्हटलं, गावातल्या ग्रंथालयाला देऊ. तीन ठिकाणी गेलो. एका ठिकाणी "पुस्तकं असती तर घेतली असती" म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी चहा पाजून नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणच्या बाई खरंच चांगल्या होत्या, त्यांना घ्यायच्या होत्या. पण त्यांनी दाखल नोंदवही उघडून दाखवली. लेखक, शीर्षक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत. "यात रेकॉर्ड कुठे लिहू सांगा? पृष्ठे किती लिहू? आणि तपासणीला साहेब आले तर मी काय दाखवू?" नोंदवहीत रकाना नव्हता म्हणून तीन पेट्या गेल्या. एक मुंबईचा संग्राहक निवडक घेऊन गेला, त्याच्याकडे त्या सुखात असतील. बाकीच्या वाड्याची विक्री झाली तेव्हा कुठे गेल्या, मला विचारायचा धीर झाला नाही. हॅनोवरची तेवढी माझ्याकडे आहे.

रेकॉर्डींच्या बाबतीत तर एकत्र येण्याला पर्यायच नाही, कारण संपूर्ण संच कुणाकडेच नसतो. एकाकडे नाटकातल्या पदाची पहिली बाजू धड, दुसरी तडकलेली. दुसऱ्याकडे नेमकं उलटं. हे ओळखून मुंबईत १९९० मध्ये सुरेश चांदवणकर आदींनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' काढली. ग्रंथालयांनी नव्हे, हौशी माणसांनी. वडाळ्याला १९३५ ते १९५५ या काळात 'यंग इंडिया' नावाच्या स्वदेशी रेकॉर्डी निघत, त्यांचं डिजिटायझेशन चांदवणकरांनी ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दप्तरांसाठीच्या कार्यक्रमातून केलं. मूळ वस्तू देशातच राहते हा त्या कार्यक्रमाचा नियम, त्यामुळे लूट वगैरे म्हणायचं कारण नाही. पण ऐकायला आपण जाणार लंडनच्या साइटवर. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि त्यांचा ध्वनिसंग्रह ऑनलाइन ऐकणं कितीतरी काळ बंद पडलं. वडाळ्याच्या स्वदेशी रेकॉर्डी लंडनचा सर्व्हर पडला म्हणून सोलापुरात वाजेनात! आमच्या ऑफिसात कुणी एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीचा एकच सर्व्हर ठेवला असता तर त्याला सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर उभं केलं असतं.

आणि याचं उत्तर एकेकाळी पुण्यात होतं. अमेरिकन विद्यापीठांनी मिळून चालवलेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने १९८२ मध्ये तिथे एक ध्वनिसंग्रहालय काढलं. परदेशी अभ्यासकांनी भारतात फिरून केलेली ध्वनिमुद्रणं परदेशातल्या संग्रहांत पडून आहेत, त्यांच्या प्रती परत भारतात आणायच्या, हा त्याचा मुख्य उद्देश. डच अभ्यासक आर्नल्ड बाके यांच्या संग्रहाच्या प्रती अशाच परत आल्या. हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणंही तिथे ठेवलेली आहेत. पण ते संग्रहालय पुण्याहून दिल्लीला गेलं आणि आता गुरुग्रामला आहे. मावळातली बाई जात्यावर काय म्हणाली ते ऐकायला हरियाणा. 'पारी'ने २०१७ पासून त्या ओव्या नेटवर आणल्या, त्यांचे उपकारच म्हणायचे.

कायदा आड येतो म्हणाल, तर तसंही नाही. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं. म्हणजे मामांच्या पेट्यांतल्या जवळपास सगळ्या तबकड्यांवरचा तो हक्क केव्हाच संपला होता. कवीचा आणि संगीतकाराचा हक्क वेगळा मोजावा लागतो, ते बघावं लागेल, पण ते बघायला एक वकील पुरे. आणि ग्रंथालयाकडे मूळ वस्तू असेल तर जपणुकीसाठी तिची डिजिटल प्रत ठेवायला २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना परवानगीच दिली आहे. कायद्यात जागा आहे. नोंदवहीत नाही.

माझं मागणं फार नाही. सहा हजार कोटींचं तर नाहीच. नियतकालिकांची योजना पुढच्या टप्प्यात जाईल तेव्हा जाईल, तोवर सरकारी पैशाने विकत घेतलेलं निदान दारात आलेल्या माणसाला बसून वाचू द्या. ब्रिटनमध्ये २०१४ पासून सार्वजनिक ग्रंथालयांतल्या कॉम्प्युटरवर कुणीही जाऊन शोधनिबंध फुकट वाचू शकेल अशी सोय प्रकाशकांनीच मान्य केली. पाश्चात्त्य विद्यापीठांच्या करारांत 'चालत आलेला वाचक' असं कलमच असतं. आपल्या करारात ते घाला, नसेल तर भांडून घाला, २०२७ नंतर नवा करार होईलच. केगावात एक कॉम्प्युटर, गावात मध्यवर्ती ठिकाणी एक. ओळखपत्र दाखवा, बसा, वाचा.

दुसरं, गावातल्या ग्रंथालयांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं. चहा माझ्याकडून. कोण काय घेतं ते सांगा, आणि पुढच्या वर्षी चौघांनी तेच घेण्याऐवजी चार वेगळी घ्या. फार्मिंग्टनवाल्यांनी देश वाटून घेतले, तुम्ही निदान मासिकं वाटून घ्या. यादीला सॉफ्टवेअर लागेल. कोहा फुकट आहे, न्यूझीलंडच्या एका छोट्या गावाच्या ग्रंथालयाने २००० च्या सुमारास करून जगाला देऊन टाकलं. बसवून मी देतो, शनिवार-रविवार माझे मोकळेच असतात. शंकर गणेश दात्यांनी कॉम्प्युटर नसताना १८०० ते १९५० मधल्या मराठी ग्रंथांची सूची करून ठेवली. आम्हाला एका शहराची यादी जमू नये?

आणि तिसरं, तो रकाना. दाखल नोंदवहीत पट्टीने एक रेघ मारा आणि वर लिहा, 'ध्वनिमुद्रिका'. हे तर आज संध्याकाळीसुद्धा होईल.

त्या चांगल्या बाईंना मी परवा फोन केला होता. आता त्या निवृत्त व्हायला आल्यात. म्हणाल्या, "रेघ मारते, पण आधी एक तरी रेकॉर्ड आणा, नाहीतर रकाना रिकामा दिसेल." पुढच्या रविवारी हॅनोवरची घेऊन जातोय. लॅपटॉपही नेणार आहे, त्यांच्या मासिकांची यादी तिथेच बसून उतरवून घेईन. ७८ च्या स्पीडला चालणारा टर्नटेबल सोलापुरात कुणाकडे असेल तर कळवा. मामांचा वाड्याबरोबर गेला.